कुशाबाईंचे ताठलेले पाय

पठारावरच्या आणे गावच्या शाळेत कुशाबाई दाते सतरा वर्षं खिचडी शिजवत होत्या. दीडशे पोरांचा हंडा त्या एकट्या चुलीवरून खाली उतरवत, आणि पोरं पानावर बसली की प्रत्येकाच्या ताटात डाव नेमका किती भरायचा हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. माहेर महाळुंगे पडवळचं, पाण्यापावसाचं, उसाचं. सासर पठारावरचं, कोरडं, बाजरी-हुलग्याचं. पण इथे येऊन तीस वर्षं झाली होती आणि पठाराचा वारा त्यांच्या अंगी मुरला होता. बोलणं मोठ्यानं, चालणं झपाझपा, आणि भाकरी अशी की गावच्या यात्रेत रंगदास स्वामींच्या प्रसादाच्या आमटीबरोबर घरोघरच्या भाकरी गोळा होत, तेव्हा पोरं टोपलीतून कुशामावशीची भाकरी शोधून काढत.

पाठ दुखायला लागली ती पन्नाशी जवळ आल्यावर. बाई दिवसभर वाकूनच काम करते, दुखणारच. एकदा हंडा उचलताना पाठीत अशी उसण भरली की जागच्या जागी थांबल्या. बेल्ह्याच्या बाजारात जिनेशच्या मेडिकलमधून त्यांच्या नवऱ्याने, सोमाजींनी, आखडलेले स्नायू सैल करायची गोळी आणली. दोन दिवसांत उसण निघाली. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठ धरली, तेव्हा तीच पट्टी दाखवून पुन्हा गोळ्या आणायला सोमाजींना धाडलं. असं तीन-चार वेळा झालं. चौथ्या वेळी जिनेशने पट्टी हातात धरून ठेवली.

"काका, ही गोळी चार-पाच दिवसांची असते. उसणीला ठीक आहे. पण महिन्या-महिन्याला पाठ धरते म्हणजे हे उसणीचं दुखणं नसेल. काकूंना डॉक्टरला दाखवा."

जिनेश हा मिश्रीलाल शेठचा मुलगा. त्यांचं जैन घराणं राजस्थानातून आलेलं, पण आता त्याला इतक्या पिढ्या झाल्या की जिनेशला मारवाडीपेक्षा मराठीतच हसू येतं. सोमाजींनी त्याचा निरोप घरी सांगितला. कुशाबाई म्हणाल्या, "कांदा निघू द्या, मग बघू."

कांदा निघेपर्यंत कुशाबाईंचं वजन उतरलं, संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली, आणि एका सकाळी शाळेच्या पायऱ्या चढताना दोन्ही पाय वाळूच्या पोत्यासारखे जड झाले. चौथ्या पायरीवर त्या बसल्या, मग त्यांना उठताच येईना.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढला तेव्हा कळलं, पाठीच्या मणक्याला क्षयरोग झाला होता. मणका किडून आतल्या मज्जारज्जूवर दाबत होता. "खोकला न्हाई, काय न्हाई, अन् टीबी कुठनं आला?" असं कुशाबाईंनी शंभरदा विचारलं. ऑपरेशन झालं, दीड वर्षाच्या गोळ्या सुरू झाल्या. जीव वाचला, रोग हटला. पायांत हळूहळू ताकदही आली, अंगठा हलला, गुडघा वाकला. घरात दिवाळी झाली. पण ताकदीबरोबर आणखी काहीतरी आलं, ज्याच्याबद्दल कोणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात राहिलं नव्हतं.

पाय ताठायला लागले.

आधी थोडे, मग फळीसारखे. पांघरूण ओढलं की दोन्ही पाय आपोआप झटका मारून सरळ व्हायचे. थंड पाण्याचा तांब्या पायावर पडला की टाचा थरथरायच्या आणि थांबायचं नाव घ्यायच्या नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे मांड्या एकमेकींना चिकटून पाय कात्रीसारखे एकावर एक चढायचे. सून संस्कृती त्यांना अंघोळ घालायची, तेव्हा गुडघे बाजूला करायला तिला दोन्ही हातांचा जोर लावावा लागे. वॉकर धरून उभ्या राहिल्या तर टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. आणि कळा अशा की बोलता बोलता ओठ दाताखाली धरावा लागे.

"पाय माझं हायेत का दुसऱ्या कुणाचं, तेच कळंना," त्या एकदा संस्कृतीला म्हणाल्या. "मी सांगते एक, ते करत्यात भलतंच."

शेजारपाजारच्या बायका येऊन तेल चोळून जात. कोणी गरम वाळूचा शेक सांगे, कोणी काढा. तेलाने बरं वाटे, तासाभराने पुन्हा तेच. संस्कृती मात्र गप्प बसली नाही. तिची मावसबहीण नारायणगावात एका दवाखान्यात परिचारिका होती. तिच्याकडून कळलं की पुण्याहून महिन्यातून दोनदा एक डॉक्टरीण येते, लकवा झालेले, मणक्याचे, असेच रोगी तपासते. आदेश, कुशाबाईंचा मुलगा, चाकणला कंपनीत होता. त्याने सुट्टी काढली, गाडी ठरवली आणि आईला व संस्कृतीला घेऊन गेला.

डॉक्टर श्रेया पडवळ वयाने लहान होती. कुशाबाईंना आधी वाटलं, ही मदतनीस असेल, डॉक्टर आत असतील. तिने कुशाबाईंचा पाय हातात घेतला, आधी सावकाश वाकवला, मग एकदम झटक्यात. सावकाश वाकवला तेव्हा पाय वाकला. झटक्यात वाकवला तेव्हा मध्येच अडला, जणू कोणी आतून दार लावून घेतलं.

"मावशी, गाव कुठलं तुमचं?"

"सासर आणे. माहेर म्हाळुंगे पडवळ."

डॉक्टर हसली. "मग तर मी तुमच्या माहेरची. माझे आजोबा तिथलेच."

कुशाबाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतके महिने लोक त्यांच्या पायांकडे, फायलीकडे, फोटोकडे बघत होते. गाव कोणी विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडे बैलगाडा शर्यतीचा घाट असतो ना," डॉक्टर म्हणाली, "तर असं समजा, मेंदू हा कासरा धरणारा आहे. बैलांना पळा म्हणून तोच सांगतो आणि आवरूनही तोच धरतो. तुमच्या पाठीत मणका दाबला गेला, तिथं कासरा सुटलाय. पाय आहेत, ताकद आहे, पण आवरणारं कोणी नाही. म्हणून जरा काही लागलं, गार झालं, ओढलं गेलं की ते उधळतात. मघाशी झटक्यात वाकवला तेव्हा अडला, तो त्यातूनच."

"मंग पुन्हा कासरा बांधायचा कसा?"

"तुटलेला तर मला बांधता येत नाही. पण एक गोळी आहे, बॅक्लोफेन. ती मणक्यातल्या मज्जातंतूंना शांत करते. पाय कमी उधळतात. आजार ती बरा करत नाही, पण तुम्हाला पायांकडून काम करून घेता येईल."

"पाठीला घेत व्हते, तीच का ही?"

"नाही. ती उसणीची, थोड्या दिवसांची. ही वेगळी आहे, रोजची. आणि हिचा एक नियम आहे, तो शेवटी सांगते. आधी मला सांगा, तुम्हाला काय करता यायला पाहिजे?"

कुशाबाईंनी आदेशकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. चालता यायला पाहिजे, असं सगळ्यांना वाटलं त्या म्हणतील.

"मांडी घालून बसायचंय," त्या म्हणाल्या. "चुलीपुढं. भाकरी थापायला."

डॉक्टरने ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. मग नियम सांगितला. गोळी कधीही आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. कमी करायची असेल तर थोडी थोडी, विचारून. हे तिने तीनदा सांगितलं, एकदा कुशाबाईंना, एकदा आदेशला, एकदा संस्कृतीला.

सुरुवात अगदी छोट्या गोळीने झाली, दिवसातून तीनदा. पहिले आठ दिवस कुशाबाई नुसत्या पेंगत होत्या. भात खाता खाता मान पुढे पडायची. सोमाजी घाबरून म्हणाले, "ही गोळी पायांची हाय का झोपंची?" डॉक्टरला फोन केला तर ती म्हणाली, अंगवळणी पडेल, दोन आठवडे धीर धरा, आणि एकट्या चालू देऊ नका. खरंच तसं झालं. पेंग उतरली आणि एका सकाळी संस्कृतीने नेहमीप्रमाणे अंगात जोर आणून गुडघे बाजूला करायला हात लावला, तर गुडघे आपले सहज बाजूला झाले. ती जोराच्या भरात मागेच पडली. दोघी सासू-सुना न्हाणीत बसून हसल्या, इतक्या की सोमाजी दारातून विचारायला लागले, काय झालं म्हणून.

मग डोस हळूहळू वाढत गेला, आणि एका टप्प्यावर उलटाच प्रकार झाला. पाय इतके सैल पडले की वॉकर धरून उभं राहायला गेल्या तर गुडघे ओल्या चिंधीसारखे मुडपले. दाराच्या उंबऱ्याशीच बसकण मारली. लागलं नाही, पण मन खचलं. "ताठ व्हते तवा निदान उभी तरी ऱ्हात व्हते," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरोबर बोललात मावशी. थोडा ताठपणा तुमच्या कामाचा आहे, त्याच्यावरच तुम्ही उभ्या राहता. सगळा काढून टाकला तर पाय लटके पडतात. आपल्याला मधलं माप शोधायचंय." तिने डोस एक पायरी खाली आणला. शिवाय संस्कृतीला व्यायाम शिकवले. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने, अंग सैल असताना, मांड्या ताणायच्या, घोटा वर करून धरायचा, मनात तीस अंक मोजायचे. झटका द्यायचा नाही. संस्कृतीने चार महिने एकही सकाळ चुकवली नाही. तिचे स्वतःचे दिवस भरत आले होते, पोट पुढे आलं होतं, तरी ती सासूच्या पायाशी बसून तीसपर्यंत मोजायची. कुशाबाई म्हणायच्या, "अगं, पुरं आता," आणि ती म्हणायची, "आई, अजून सव्वीसच झालेत."

एकदा थंडीत पाय पुन्हा एकदम ताठ झाले. कुशाबाईंना वाटलं, गोळी कमी पडली. डॉक्टरने फोनवर गोळीचं नावच काढलं नाही. लघवीला जळजळ होते का, पोट साफ होतं का, कुठे जखम आहे का, असं विचारत गेली. जळजळ होत होती, कुशाबाईंनी लाजून कोणाला सांगितलं नव्हतं. त्यावर औषध दिलं आणि आठवड्यात पाय मूळ पदावर आले. शरीरात कुठेही खुपलं की ते पायांना कळतं, हे त्या दिवशी त्या शिकल्या.

यात्रेच्या आदल्या दिवशी कुशाबाई चुलीपुढे खाली बसल्या. सोमाजींनी एका बाजूने धरलं, शेजारणीने दुसऱ्या बाजूने, कारण संस्कृती बाळंतपणाला तिच्या माहेरी खोडदला गेली होती. उजवा पाय आधी दुमडला. डावा थरथरला, अडला, मग तोही आला. पहिली भाकरी वाकडी झाली. तिसरीपासून हात पूर्ववत चालायला लागला. अकरा भाकरी झाल्या. पूर्वी त्या शंभर करत. पण अकराव्या भाकरीला पापुद्रा सुटला तेव्हा सोमाजी बाहेर जाऊन उगाचच बैलाच्या दावणीशी उभे राहिले, डोळे पुसत.

माणूस बरा झाला की त्याला औषधाचा कंटाळा येतो. यात्रेला महाळुंग्याहून आलेला भाऊ भिमाजी म्हणाला, "ताई, लई गोळ्या खातीस. आता बरी झालीस की. कशाला किडनी खराब करून घेतीस?" भिमाजी वाईट मनाने बोलला नाही. बहिणीवर त्याचा जीव. आणि कुशाबाईंच्याही मनात तेच होतं. त्या आठवड्यात जिनेशकडून आणलेली पट्टी संपली. सोमवारी सोमाजी बेल्ह्याच्या बाजाराला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, गोळ्या आणायच्या का? "हायेत घरात," कुशाबाई म्हणाल्या.

मंगळवारी अंगाला खाज सुटली. पाय ताठले ते पूर्वीपेक्षा वाईट, पोटापर्यंत आखडले. बुधवारी सकाळी अंग तापलं, हात कापायला लागले, आणि कुशाबाईंना भिंतीवरून मुंग्यांची रांग खाली उतरताना दिसायला लागली. मग चुलीशी त्यांची आई बसलेली दिसली, जी जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या आईशी बोलायला लागल्या. मोठा आजार उलटला, असंच सोमाजींना वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. जिनेश होता.

"काका, काकूंच्या गोळ्या आतापर्यंत संपल्या असतील. सोमवारी तुम्ही बाजाराला आलात, दुकानावरून गेलात, पण आत आला नाहीत. मला वाटलं, येताना येतील. दुसरीकडून घेतल्या का?"

"घेतल्या न्हाईत. ती म्हणली, घरात हायेत. जिनेशभाऊ, ती काय बी बोलाया लागलीया. तिला मुंग्या दिसत्यात."

मग जिनेश हळू पण स्पष्ट बोलला. "काका, घाबरू नका. घरात बघा, एखादी पट्टी उरलीय का. मी निघालो."

पट्टी नव्हती. गुळुंचवाडीवरून आण्याचा घाट चढून जिनेश वीस मिनिटांत दारात आला, गोळ्यांची पट्टी आणि स्वतःची गाडी घेऊन, दुकान वडिलांवर सोडून. वाटेतच त्याने डॉक्टर श्रेयाला फोन लावला होता. गोळी एकदम तुटली की असं होतं, तिने सांगितलं. शुद्धीत आहेत आणि गिळता येतंय, तर नेहमीचीच मात्रा आत्ता द्या, आणि वेळ न घालवता दवाखान्यात आणा, झटके येऊ शकतात. जिनेशने कुशाबाईंना उठवून बसवलं, "काकू, माझ्याकडे बघा, मी कोण?" असं विचारलं. "मिश्रीलालचा पोरगा," त्या म्हणाल्या. मग त्याने गोळी दिली, दोन घोट पाणी पाजलं, सोमाजींच्या मदतीने त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं.

नारायणगावच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. सलाईन लावलं, ताप उतरवला, गोळी पूर्वीच्याच वेळा धरून चालू केली. दुसऱ्या संध्याकाळी मुंग्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पाय सैलावले. शुद्ध आल्यावर कुशाबाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर श्रेया पुण्याहून आली तेव्हा कुशाबाईंना वाटलं, आता बोलणी बसणार. ती खाटेच्या कडेला बसली. "मावशी, नियम तुम्हाला तीनदा सांगितला होता. पण बंद केली तर नेमकं काय होतं, ते सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. आता कुठल्याही रोग्याला मी ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

"तुमची कसली चूक, बाई," कुशाबाई म्हणाल्या. "माझं शानपण नडलं." आणि त्यांनी डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

त्यानंतर त्यांनी भिमाजीला फोन करून असं झापलं की तो दुसऱ्याच दिवशी गुळाची ढेप घेऊन आला आणि दारातच कान पकडून उभा राहिला. पुढे उन्हाळ्यात बटाट्याचं पोतं उचलताना त्याचीच पाठ धरली. बहिणीने त्याला नुसत्या गोळीवर सोडला नाही. फोनवर एकेक प्रश्न विचारत गेली. ताप येतो का? वजन उतरलंय का? पाय जड पडतात का? झोपलं तरी दुखतं का? सगळ्याला नाही आलं, तरी तिने त्याला डॉक्टरकडे पाठवलाच. साधी उसण निघाली. पाच दिवसांची गोळी, गरम शेक, आणि पोतं न उचलायची ताकीद.

"म्हंजी मला जन्मभर न्हाई ना घ्यायची, ताई?"

"न्हाई रं. तुझी पाच दिवसांची, माझी रोजची. पर सांगितल्याबिगर एक बी गोळी जास्त खाऊ नको, समजलं?"

शाळेचा हंडा आता दुसरी बाई उतरवते. कुशाबाई वॉकर घेऊन सकाळी शाळेत जातात, खुर्चीवर बसून तांदूळ निवडून देतात आणि खिचडीत मीठ किती ते सांगतात. संस्कृतीला मुलगी झाली. ती कुशाबाईंच्या पायांवर पालथी पडून खेळते, आणि मधेच पायाला झटका आला तर खदखदून हसते, तिला तो खेळच वाटतो. कुशाबाईही हसतात. ताठपणा गेलेला नाही, जाणारही नाही. पण गोळीच्या दिवसातल्या तीन वेळा त्यांना घड्याळापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत.

दर सोमवारी सोमाजींबरोबर त्या स्वतः बेल्ह्याला जातात. मेडिकलची पायरी उंच आहे, म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसतात आणि जिनेश पट्टी तिथे आणून देतो. पहिल्यांदा गेल्या त्या दिवसाची गोष्ट. जीव वाचवणाऱ्या माणसाला बाजारपेठेत, माणसांच्या गर्दीत, काय म्हणणार? त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या आणि वर खुरासणीच्या चटणीची वाटी.

म्हातारे मिश्रीलाल शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले. वाटीकडे बघून त्यांनी जरा संकोचाने विचारलं, "बाई, लसूण तर नाही ना?"

"न्हाई घातला शेठ," कुशाबाई म्हणाल्या. "पाटा आधी धुऊन घेतला, मग वाटली. घरात समद्यास्नी बेचव लागली. तुमच्यासाठीच हाय."

मिश्रीलालनी तिथेच उभ्याने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि मान डोलावली. जिनेश आतून ओरडला, "बापूजी, मलाही ठेवा." बाकावर बसलेल्या कुशाबाईंनी पाय थोडे पुढे पसरले, उन्हात, आणि दुसरी भाकरी फडक्यातून सोडवायला घेतली.